पहिल्या नंबराची लोकर

तुम्ही कधी मुद्दाम हरला आहात?

नुसतं हरण्याबद्दल मी विचारत नाही. परीक्षेत, नोकरीत, व्हिसाच्या लॉटरीत आपण सगळेच हरलेलो आहोत. मी विचारते आहे ते जिंकता येत असताना हरण्याबद्दल. सोबतची माणसं घामाघूम होऊन खेळत असताना, त्यांना न सांगता. चटकन ‘छे’ म्हणाला असाल तर जरा थांबा. मीही चटकनच म्हणत असे, आणि ज्यांच्यासमोर म्हणत असे ते काका त्यावर डोक्यावरची लाल लोकरी टोपी फक्त थोडी मागे सरकवत.

त्या काकांबद्दल हे लिहिते आहे. ते मत्सराने लिहिते आहे, हेही आधीच सांगून टाकते. मत्सर कोणाचा, ते पुढे येईलच.

शॉमबर्ग या उपनगरात त्यांच्या घरातली वरच्या मजल्यावरची खोली मी भाड्याने घेतली होती. तीन हिवाळे राहिले. काका मूळचे नागपूरचे. टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत आयुष्यभर इतरांच्या चुका शोधण्याची नोकरी करून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला घरात तीन नियम सांगितले. कचरा मंगळवारी. हीटरला हात लावायचा नाही. आणि हॉकी चालू असताना जिन्यावरून उतरायचं नाही, उतरायचंच असेल तर खेळ थांबल्यावर.

“हॉकी म्हणजे आपली?” मी विचारलं.

“आपली म्हणजे कोणती बे?” काका म्हणाले. “जी पाहतो ती आपली. बर्फावरची.”

सामना ते उभ्याने पाहत. आपल्या शहराच्या संघाचा खेळाडू दोन मिनिटं शिक्षेला जाऊन बसला की काका भिंतीला पाठ लावून, हात बांधून उभे राहत, जणू शिक्षा त्यांनाच झाली आहे. संघ पुढे असेल तर संघाचं नाव घ्यायचं नाही. ‘ते’ म्हणायचं. काकू सांगत की लग्न झाल्यावर कित्येक वर्षं त्या काकांना जशा ‘अहो’ म्हणत, तसे काका अजून त्या संघाला म्हणतात. टोपी जूनमध्येही डोक्यावर असे. ती कोणालाही हात लावू देत नसत. धुवायलाही नाही. काकू ती सिंकशेजारी ठेवायला सांगत आणि तोंड फिरवून उभ्या राहत, मग काका स्वतः धूत.

दर जून महिन्यात ते संघाच्या मुख्य व्यवस्थापकांना एक पोस्टकार्ड पाठवत. अक्षर सुंदर, इंग्रजी जुन्या वळणाचं. टाकण्याआधी आम्हाला मराठीत वाचून दाखवत: ‘प्रिय महोदय, यंदा गोलंदाजांच्या मागे लागू नये, बचावाकडे पाहावे.’ गोलंदाज म्हणजे गोल करणारे. हा शब्द त्यांनी स्वतः ठरवला होता, आणि क्रिकेटमध्ये तो आधीच वापरात आहे हे त्यांना मान्य नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाच उत्तर आलं. छापील आभार आणि एक स्टिकर. ते स्टिकर काकांनी देव्हाऱ्याच्या दारावर लावलं. काकूंनी ते काढून फ्रिजवर लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा देव्हाऱ्यावर. शेवटी ते इतकं फाटलं की कुठेच चिकटेना, आणि मग काकांनी ते पाकिटात ठेवलं.

जूनच का, ते सांगायला हवं. जूनच्या अखेरीला लीगमध्ये निवड असते. अठरा वर्षांची पोरं एका यादीत उभी असतात आणि संघ पाळीपाळीने त्यांना उचलतात. आधीच्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याला पहिल्या नंबराची सगळ्यात जास्त संधी. नक्की कोणाला पहिला नंबर, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, पण झुकतं माप तळाच्यांना. जिंकणारा सगळ्यात शेवटी.

हे मला काकांनी पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी जेवता जेवता उठून उभी राहिले होते.

मी वाढले इचलकरंजीत. बाबा यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये. आमच्याकडे पाटाखालपासून पाहुण्यांच्या गादीखालपर्यंत पत्रकं असत, गुलाबी आणि पिवळी. माझ्या शाळेच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं. ‘कामगार बंधुभगिनींनो’ हे मी ‘कमळ’ आणि ‘बदक’च्या आधी वाचायला शिकले. तर अशी मी, आणि या देशात, जिथे वर असलेल्यालाच आणखी वर नेणारी लिफ्ट आहे, तिथे एका खेळात चक्क तळाच्याला पहिला हक्क!

“काका, हा तर न्याय आहे!”

“न्याय?” काकांनी भातावर वरण घेतलं. “आणि तळाला जायला कोणी मुद्दाम उडी मारली तर?”

“हरण्याचं सोंग कोणी करत नाही. हरणं काय असतं ते हरणाऱ्याला माहीत असतं.”

“बरं,” काका म्हणाले, आणि टोपी मागे सरकवली. त्या दिवसापासून माझं नाव ‘पत्रकवाली’ पडलं. मी त्या विषयावर इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात लेखही लिहिला. तो काकांनी वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि परत दिला. मताबद्दल एक अक्षर नाही.

लोक काकांना नेहमी एकच प्रश्न विचारत. गणपतीत, लग्नात, किराणा दुकानात मेथीची जुडी निवडतानासुद्धा. “काय काका, पहिला नंबर मिळाला की कप येतो का हो?” त्यांना गंमत वाटायची, कारण काका उत्तर देत नसत. ते म्हणत, “घरी ये.” आणि जो येई त्याला तळघरात नेत.

तळघराच्या लांब भिंतीवर डावीकडे चिठ्ठ्या होत्या: वर्षानुवर्षांचे पहिल्या नंबरचे खेळाडू. उजवीकडे चिठ्ठ्या: त्या त्या वर्षी कप जिंकलेले संघ. आणि मधे लोकर. काकूंच्या विणकामातून उरलेली, रंगीबेरंगी, टाचण्यांना बांधलेली. काका पाहुण्याच्या हातात लोकरीचं टोक देत आणि म्हणत, “पकड.” मग तो माणूस त्या खेळाडूपासून त्याच्या कपापर्यंत चालत जाई.

काही लोकरी तोकड्या आणि ताठ होत्या. पोरगा आला, चार-सहा वर्षांत त्याच संघाने कप उचलला. तिथे पाहुणा हसून म्हणे, “म्हणजे येतो!” काका म्हणत, “पुढची पकड.” पुढची लोकर तिरकी तिरकी जात भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला पोचे: कप मिळाला, पण दाढी पिकायला लागल्यावर आणि भलत्याच संघात. आणि मग खाली लोंबकळणाऱ्या लोकरी. डावीकडे बांधलेल्या, उजवीकडे बांधायला जागाच नाही. त्या पुष्कळ होत्या. खिडकी उघडली की हलत.

“पाहिलं?” काका म्हणत. “पहिला नंबर म्हणजे चांगला तांदूळ आहे. पण भात कुकरात होते, पोत्यात नाही. शिट्टी होईपर्यंत थांबणारा माणूस लागते. आणि कुकरचं झाकण बसायला लागते. झाकण कोण पाहते? सगळे तांदळाचाच वास घेऊन राहिले.”

मी तीन हिवाळे त्या भिंतीला लोकर बांधली. एकदा एक लोकर चुकीच्या वर्षाला बांधली, तर काकांनी मला पंधरा मिनिटं उभं करून ते वर्ष समजावलं.

आणि सानिकाने चुकीची बांधली तेव्हा ते हसले.

तर हा तो मत्सर.

सानिका इथेच जन्मलेली, विशीची, कॉलेजच्या क्लबात बर्फावर खेळणारी. तिचे आईवडील जवळच, नेपरव्हिलला. ती मंडळाच्या शनिवारच्या हॉकीला माझ्या दुसऱ्या वर्षी आली. ही हॉकी बर्फावरची नव्हे, शाळेच्या जिममध्ये लाकडी जमिनीवर, प्लास्टिकच्या काठ्या आणि नारिंगी चेंडू घेऊन. काकांनीच सुरू केलेली. चार संघ, पाच-पाच माणसं, त्यात कंबरदुखीवाले, पोटवाले आणि नातवंडांना सांभाळायला आलेल्या आज्यासुद्धा. नोव्हेंबर ते मार्च. नियम लीगचेच: गणपती झाले की पुढच्या शनिवारी निवड, गेल्या वर्षी तळाला राहिलेल्याला पहिला नंबर. कप्तान चौघे, ते काका नेमत. कप्तान सोडून बाकी सगळे दरवर्षी पुन्हा यादीत. निवड झाली की कप्तान त्या खेळाडूच्या हातात नारळ ठेवत असे. ले-ऑफच्या दिवसांत हे फार चाले. “इथेच एक बरं आहे यार,” कोणीतरी म्हणे, “नारळ मिळाला की काम लागतं.”

मी पहिल्याच वर्षी हिरव्या संघाची कप्तान झाले. काठी कुठून धरायची ते माहीत नसताना. “काका, मला खेळता येत नाही,” मी म्हटलं होतं. “मग गोलमध्ये उभी राहा,” ते म्हणाले, “आणि जागा सोडू नको. गोलकीपरचं तेवढंच काम आहे. बाकी चेंडू त्याच्या मर्जीनं येते.” मला वाटलं, चौथा माणूस मिळाला नसेल. कारण मला जे हवं होतं ते वेगळंच होतं. मला काकांच्या पिवळ्या संघात जायचं होतं. त्यांनी मला निवडावं, सगळ्यांसमोर माझ्या हातात नारळ ठेवावा. एवढंच. इतकी साधी गोष्ट मला कोणाला सांगता येत नव्हती, कारण जगातल्या सगळ्या निवडींविरुद्ध माझ्याकडे पत्रकं होती.

मग सानिका आली, आणि काकांनी तिला पहिल्या नंबराने उचललं. पिवळा संघ आदल्या वर्षी तळाला होता, खरोखर हरून. काकांचा गुडघा सुजला होता आणि त्यांच्या संघातल्या दोघांचं बाळंतपण होतं, म्हणजे एकीचं बाळंतपण आणि दुसऱ्याची पळापळ.

“काका, तुम्हीच म्हणता ना, पहिल्या नंबराने कप येत नाही?” मी भर हॉलमध्ये विचारलं.

“येत नाही असं कधी म्हटलं?” काका सानिकाच्या हातात नारळ देत म्हणाले. “एकट्यानं येत नाही म्हटलं.”

“ओह माय गॉड, धिस इज सो हेवी,” सानिका म्हणाली, आणि काका पुन्हा हसले.

त्या हिवाळ्यात मी सानिकाचा किती द्वेष केला ते सांगत बसत नाही. एक सांगते. पहाटे मुलांचा सराव पाहायला काका बर्फाच्या रिंकवर जात. तिकीट नाही, गर्दी नाही, थर्मासमध्ये चहा, खिशात चिक्की. मी गाडी चालवायची. एका शनिवारी सानिकाही आली. तिथे बसायच्या बाकांवर थंडी हाडात शिरते. सानिका कान चोळत होती. काकांनी बोलता बोलता, नजर बर्फावरून न काढता, टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर घातली.

ती टोपी!

दोन हिवाळे मी त्यांच्या शेजारी बसत होते. मला काय कान नव्हते?

घरी येऊन मी काकूंना सांगितलं. भांडी घासत त्या म्हणाल्या, “हे मला बघायला आले ना, तेव्हा दोन तास माझ्या भावाशीच बोलत बसले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी आईला म्हटलं, ह्यांचं लग्न दादाशी लाव. अगं, आवडलेल्या माणसाशी ह्यांना बोलता येत नाही.”

“मग सानिकाशी कसं येतं?”

“मग तेच तर सांगते आहे,” काकू म्हणाल्या. मला ते सांत्वन वाटलं, आणि सांत्वनाचा मला फार राग आहे.

मार्चमधला शेवटचा सामना. आम्ही हिरवे विरुद्ध निळे. आम्ही जिंकलो किंवा बरोबरी झाली तर आम्ही तिसरे, हरलो तर तळाला. आणि तळाला म्हणजे पहिला नंबर, आणि पहिला नंबर म्हणजे सानिका. मी तिला काकांच्या संघातून काढून घेऊ शकत होते. हे गणित मी आदल्या दिवशी केलं नव्हतं, असं म्हणायला मला आवडेल. केलं होतं.

आमच्या संघात लीलाकाकू होत्या, साठीच्या, मुलीच्या बाळंतपणाला आल्या आणि राहिल्या. गुडघ्याला पट्टी, पायात जावयाचे बूट, दोन मोजे घालून घट्ट केलेले. हंगामभर त्यांना एकही गोल करता आला नव्हता. त्या दिवशी त्यांनी दोन केले. दुसरा केल्यावर त्या स्वतःच इतक्या दचकल्या की काठी टाकून त्यांनी तोंडावर हात ठेवला. तीन-तीन बरोबरी. शेवटचं मिनिट. निळ्यांचा एकजण चेंडू घेऊन आला, फार जोरात नाही, फार हुशारीने नाही. मी जागेवर उभी राहिले असते तर चेंडू माझ्या पायाला लागून थांबला असता.

मी दोन पावलं डावीकडे सरकले.

“कसा सुटला गं?” लीलाकाकू धापा टाकत म्हणाल्या. “अगदी समोरून आला होता.”

“डोळ्यावर ऊन आलं,” मी म्हटलं.

“होतं असं,” त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. “तू मनाला लावून घेऊ नको.”

घरी काका चहा बशीत ओतत होते. मग म्हणाले, “आपल्या जिमला खिडकी कुठे आहे बे?”

मी चहात साखर ढवळत राहिले. काकांनी टोपी मागे सरकवली आणि चहा संपवला.

सप्टेंबरात निवड झाली. पहिला नंबर माझा. मी सानिकाचं नाव घेतलं आणि काकांकडे पाहिलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हवं होतं, राग, हळहळ, काहीही. काका आपल्या पाळीची वाट पाहत होते. पाळी आली तशी ते उठले, थेट लीलाकाकूंपुढे गेले आणि दोन्ही हातांनी नारळ पुढे केला, ओटी भरावी तसा. लीलाकाकूंना मी शेवटच्या फेरीत आरामात घेणार होते. त्यांना शेवटच्या फेरीआधी कधीच कोणी घेतलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला त्यांचाही मत्सर वाटला. साठ वर्षांच्या, जावयाच्या बुटातल्या बाईचा! इतकी मी खाली उतरले होते.

त्याच सभेत काकांनी ठराव मांडला: पुढच्या वर्षीपासून तळाच्या दोन संघांत चिठ्ठी टाकायची, थेट पहिला नंबर नाही. कोणीतरी विचारलं, का हो काका? “लीगमध्ये टाकतात म्हणून,” ते म्हणाले. ठरावाच्या विरोधात एकच भाषण झालं. ते माझं. तळाच्यांवर अविश्वास दाखवणारी ही व्यवस्था, वगैरे. चांगलं झालं भाषण. एवढं लाजिरवाणं चांगलं भाषण मी पुन्हा कधी केलं नाही. ठराव मंजूर झाला.

आता तुम्ही विचाराल, त्या हिवाळ्यात काय झालं? पहिल्या नंबराने कप आला का? सानिकाने गोलामागून गोल केले. बाकीचे आम्ही तिला चेंडू देऊन उभे राहत असू आणि टाळ्या वाजवत असू. ती आजारी पडली त्या दोन शनिवारी आम्ही चेंडू कोणाला द्यायचा ते न समजून हरलो. शेवटी तिसरे आलो. मी जागा सोडली नसती तर आदल्या वर्षीही तिसरेच आलो असतो. काकांचा पिवळा संघ चौथा आला. लीलाकाकूंनी एकही गोल केला नाही, पण एकही शनिवार चुकवला नाही. आणि जिंकला लाल संघ, ज्याच्याबद्दल कोणी कधी बोललंच नव्हतं. त्यांचा कप्तान एक दातांचा डॉक्टर. त्याने निवड एका तत्त्वावर केली होती: चौघेही एकाच रस्त्यावर राहणारे, म्हणजे एका गाडीत मावतात. बर्फ पडो, वादळ येवो, ती गाडी दहा वाजता हजर असे. कित्येकदा समोरचा संघ तिघांचाच असे.

काकांना हे इतकं आवडलं की आठवडाभर ते ज्याला त्याला फोन करून सांगत होते. “कारपूल! अरे, मी इतकी वर्षं लोकर बांधून राहिलो अन् हा माणूस गाडीत चार सीट मोजून कप घेऊन गेला!”

त्या हिवाळ्याच्या शेवटच्या सामन्यानंतर मी सानिकाला नेपरव्हिलला सोडत होते. ती पाय डॅशबोर्डवर ठेवून म्हणाली, “यू नो, मला वाटायचं यू हेट मी.”

“नाही गं,” मी म्हटलं.

“इट्स ओके. आय वॉज जेलस ऑफ यू टू.”

“माझा? कशाबद्दल?”

“काका, ड्यूड. ही प्रोटेक्ट्स यू.” मला समजेना, तेव्हा ती लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागली. “लीगमध्ये नवीन टीम आली की जुन्या टीम्स आपले काही प्लेअर्स प्रोटेक्ट करतात, राइट? मग त्यांना कोणी घेऊ शकत नाही. आपल्याकडे कॅप्टनला कोणी पिक करू शकत नाही. म्हणून ते तुला एव्हरी इयर कॅप्टन करतात. मला काका पहिल्या दिवशीच म्हणाले, ‘ती पत्रकवाली यादीत नाही, तिला मी यादीत टाकतच नसतो.’ तुला माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हतं. पुढच्या सिग्नलला हिरवा दिवा लागून गेला तरी मी उभीच. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

वाचणाऱ्याला वाटेल, आता हिचा मत्सर गेला असेल. गेला नाही. त्यांनी हे तिला सांगितलं होतं. मला नाही.

एप्रिलमध्ये काकांनी घर विकायला काढलं. मुलगा दुसऱ्या राज्यात, हर्नडनला असतो, त्याच्याकडे जायचं ठरलं. तळघराची भिंत उतरवायला मी खाली गेले. काका शिडीवर, मी खाली लोकर गुंडाळत. कोपऱ्यात, जिन्याखाली, मी कधी न पाहिलेल्या काही टाचण्या होत्या. आमच्या मंडळाच्या. डावीकडे आमचे पहिले नंबर, उजवीकडे आमचे विजेते, सगळं लीगच्याच अक्षरात, तितक्याच गंभीरपणे. सानिकापासून एक हिरवी लोकर निघाली होती. तिचं दुसरं टोक लोंबकळत होतं.

मी ते हातात धरून म्हटलं, “काका, त्या मार्चमध्ये, निळ्यांच्या सामन्यात, मी...”

“मला नको सांगू,” काका शिडीवरूनच म्हणाले. मान वळवली नाही.

“पण तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत आहे म्हणूनच नको सांगू. मी कुठे हरलो होतो त्या दिवशी? मी तर प्रेक्षकात बसून चिक्की खाऊन राहिलो होतो. जे हरले त्यांना सांग.”

मग ते खाली उतरले. एकेक पायरी, सुजल्या गुडघ्याने. हिरवी लोकर टाचणीतून सोडवली, माझ्या मनगटाला दोनदा गुंडाळली आणि गाठ न मारता सोडून दिली. टोपी मात्र त्यांनी सानिकाला दिली. जाण्याच्या दिवशी, धुऊन. माझ्यासमोर.

काका आता हर्नडनला असतात. तिथल्या संघाला ते अजून ‘हा’ म्हणतात. काकू म्हणतात, ‘अहो’वर यायला वर्ष-दोन वर्षं जातील. जूनमध्ये त्यांनी जुन्याच संघाला पोस्टकार्ड टाकलं. तिकडच्या मराठी मंडळात जिम कोण देईल याची चौकशी चालू आहे. मी फोन करते तेव्हा ते हवामान विचारतात आणि शेवटी एकदा म्हणतात, “सांगितलं?” मी म्हणते, “नाही अजून.” ते म्हणतात, “बरं,” आणि फोन काकूंना देतात. टोपी नाही, तरी कपाळावर हात जात असणार.

मी उभ्या आयुष्यात पुष्कळ लोकांना जाब विचारला आहे. मालकांना, मॅनेजरांना, मंडळाच्या कार्यकारिणीला. लिहून, छापून, वाटून. हे पत्रक माझ्याविरुद्ध आहे. म्हणून ते दिवाळी अंकात, सगळ्यांच्या हातात पडेल असं देते आहे. लीलाकाकू, त्या दिवशी ऊन नव्हतं. खिडकीच नाही. तुमचे ते दोन गोल सामना वाचवायला पुरेसे होते आणि मी ते वाया घालवले, कारण मला एका माणसाकडून एक नारळ हवा होता.

आता विनंती. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी, हंगाम सुरू होण्याआधी, सकाळी दहाला जिम मोकळी आहे. निळ्यांनी यायचं कबूल केलं आहे. कशासाठी ते मी त्यांना सांगितलेलं नाही, ते इथे वाचतील. त्या मार्चमध्ये हिरव्या संघात असलेल्या चौघांनी या. तीन-तीनपासून शेवटचं मिनिट पुन्हा खेळू. कोणी गाव बदललं असेल, कोणाचा पाय दुखत असेल, तर हा अंक हाती आलेल्या तुम्ही त्यांच्याऐवजी या. येताना जमलं तर एकाच गाडीतून या. काठ्या मी आणते.

खेळायचं नसेल तर माझ्या गोलच्या मागे उभे राहा. आणि मी जागेवरून एक पाऊल जरी सरकताना दिसले, तर माझं नाव घेऊन, सगळ्या जिमला ऐकू जाईल असं ओरडा.